ठिपक्यांतली थंडी

चित्र बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला नोकरीतून निवृत्त होईपर्यंत ठाऊक नव्हतं. घरात चित्रं होती. देवघराच्या भिंतीवर कमळात उभी लक्ष्मी, बैठकीत दत्त, स्वयंपाकघरात कॅलेंडर. राजा रवि वर्मांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, तेव्हापासून देवादिकांचे चेहरे महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचले. आमच्या घरातली लक्ष्मीही त्याच वाटेने आलेली. पुढे दिवाळी अंक हातात यायला लागले. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं मी जपून ठेवायची. त्यांत खेड्यातली मुलगी असली, तरी तिचा भांग सरळ, डोळे पाणीदार, लुगड्याचा काठ मोजून घ्यावा इतका स्पष्ट. त्या चित्रांवर माझं आजही प्रेम आहे. पण त्यांनी माझ्या डोळ्यांना एक सवय लावली होती. चित्र समोर आलं की मी आधी चेहरा शोधायची, मग गोष्ट शोधायची. दोन्ही सापडलं की चित्र कळलं, असं मानून पुढे जायची.

ही सवय घेऊन मी पॅरिसच्या म्यूझे दॉर्सेमध्ये शिरले. भाची तिथे वास्तुशास्त्र शिकते, तिच्याकडे राहायला गेले होते. ही इमारत मुळात रेल्वे स्टेशन, 1900 सालचं. गाड्या लांबलचक झाल्या, फलाट अपुरे पडू लागले, आणि अखेर 1986 मध्ये तिथे संग्रहालय उघडलं. आजही आत उभं राहिलं की डोक्यावरची काचेची कमान आणि ते अवाढव्य घड्याळ पाहून कुठल्या तरी गाडीची वाट पाहतोय असं वाटतं. माणसांची रीघ लागलेली. पाचव्या मजल्यावर दृक्प्रत्ययवादी चित्रकारांची दालनं आहेत, ज्यांना सगळे इम्प्रेशनिस्ट म्हणतात. तिथे पोचले आणि मी पुरती गांगरले.

समोर क्लोद मोनेचं ‘पॉपीची फुलं’ होतं. जगभर छापलं गेलेलं चित्र, पण प्रत्यक्षात लहानसं, साधारण 50 बाय 65 सेंटिमीटर. 1873 मधलं, पॅरिसजवळच्या आर्जांतय गावाच्या परिसरातलं. हिरवा उतार, त्यावर लाल रानफुलं, पुढच्या बाजूला छत्री घेतलेली बाई आणि तिच्याजवळ लहान मूल. मोनेची बायको कामीय आणि मुलगा जाँ असावेत, असं मानतात. जाँ तेव्हा जेमतेम सहा वर्षांचा. मी सवयीने मुलाचा चेहरा शोधू लागले आणि तिथे चेहराच नव्हता! हॅटखाली रंगाचा एक पुसटसा स्पर्श, बस्स. उताराच्या वरच्या टोकाला आणखी एक बाई आणि मूल, तेही तसंच. गोष्टही काही घडत नव्हती. माणसं गवतातून चालली होती, एवढंच. माझ्या आजूबाजूला लोक शांतपणे, मनापासून बघत उभे होते. त्यांना जे दिसत होतं ते मला का दिसत नाही, या विचाराने मी कासावीस झाले.

भाचीने ते ओळखलं असावं. ती म्हणाली, “मावशी, शेजारची पाटी नंतर वाच. आधी जमिनीवरच्या रेषेपर्यंत जवळ जा, मग हळूहळू मागे ये. आणि काय दिसतंय ते नको सांगूस, काय होतंय ते सांग.”

मी जवळ गेले. पुढची फुलं म्हणजे लाल रंगाचे नुसते थेंब होते. एकालाही पाकळी नाही, देठ नाही, आणि काही थेंब तर प्रमाणाबाहेर मोठे. मागे आले, तर तेच थेंब हलायला लागले. खरंच, वाऱ्यावर हलल्यासारखे. भाचीने फोनवर त्या चित्राचा फोटो काढला आणि त्यातले रंग काढून तो काळा-पांढरा करून दाखवला. बरीचशी फुलं गवतात विरघळून गेली. लाल आणि हिरवा हे रंग एकमेकांच्या अगदी विरुद्ध, पण त्यांचा उजेड-अंधार जवळपास सारखा. त्यामुळे डोळ्याला फूल दिसतं, पण ते नेमकं कुठे आहे हे ठरवता येत नाही. म्हणून ते डुलतं. एवढी साधी गोष्ट कळल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, इथे आपल्यालाही काही काम आहे. चित्रकाराने अर्धं केलंय, उरलेलं आपल्या डोळ्यांनी करायचंय.

तरीही त्या मुलाशी माझं काही नातं जडेना. ते छान होतं, सुखी होतं, आईबरोबर फिरायला निघालं होतं. शेत त्याच्यासाठी फिरायची जागा होती. माझ्या लहानपणी शेत ही फिरायची जागा नव्हती.

मग आम्ही कामीय पिसारोच्या एका चित्रापाशी आलो. साधारण 93 सेंटिमीटरचा चौरस कॅनव्हास, तैलरंगातला, 1888 सालचा. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ असा: पांढरं दहिवर, शेकोटी पेटवणारी तरुण शेतकरी मुलगी. मी नाव नंतर वाचलं. त्याच्या आधी मला थंडी वाजली.

चित्रात एक मुलगी उभी आहे. फार तर चौदा-पंधराची वाटते, पण अंगाने थोराड, कामाला सरावलेली. तिच्या हातात एक लांब फांदी आहे आणि ती मोडण्यासाठी तिने सगळा जोर लावलाय. फांदी वाकलीय, अजून तुटलेली नाही. तिच्याजवळ एक लहान पोर शेकोटीपाशी उभं आहे. वाऱ्याने धूर आडवा पडलाय. पलीकडे दहिवराने पांढुरकं झालेलं माळरान, त्यावर लांबवर गुरं, आणि सकाळचं तिरपं ऊन. बाकी काही नाही. कुणी आपल्याकडे बघत नाही. मुलीचं लक्ष फांदीकडे, पोराचं आगीकडे.

मी निफाड तालुक्यातली. महाराष्ट्रात थंडीच्या बातम्या येतात तेव्हा निफाडचं नाव पहिलं येतं, पारा किती उतरला ते सांगायला. पहाटे गवतावरचं दव गोठतं, द्राक्षबागांत शेतकरी ओळीओळीतून शेकोट्या पेटवतात, धुराने बागेला ऊब मिळावी आणि मणी तडकू नयेत म्हणून. माझ्या लहानपणी द्राक्षं सगळ्यांकडे नव्हती. आमच्याकडे गहू आणि कांदा. रात्री पाणी द्यायची पाळी असली की वडील बांधावर असायचे आणि उजाडता उजाडता मी आणि माझी मोठी बहीण चहाची किटली घेऊन निघायचो. अक्का पुढे, मी मागे. बांधावर पोचलं की अक्का आधी काटक्या गोळा करायची. तुराट्या असल्या तर बरं, त्या लगेच पेट घेतात. बाभळीची ओली फांदी असली तर ती गुडघ्यावर घेऊन मोडायची, आणि ती मोडत नसली की अक्काचा चेहरा लाल व्हायचा. मी काहीच करायची नाही. मी फक्त आगीच्या इतकी जवळ उभी राहायची की पुढून भाजावं आणि पाठ मात्र बर्फ असावी. मग वळून पाठ शेकायची. वारा फिरला की धूर डोळ्यांत. अक्का ओरडायची, “बाजूला हो गं, फ्रॉक पेटंल!”

पिसारोच्या चित्रातलं ते पोर बघताना हे सगळं माझ्या अंगावरून गेलं. फ्रान्सच्या उत्तरेकडचं गाव, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची सकाळ, ना माझी भाषा ना माझी माती. पण पुढून धग आणि मागून गारठा, हे त्याला आणि मला सारखंच माहीत होतं.

मग मी रेषेपर्यंत जवळ गेले, आणि माझा गोंधळ नव्याने सुरू झाला. कारण तिथे मुलगी नव्हती, पोर नव्हतं, आग नव्हती. बारीक बारीक ठिपके आणि आखूड फटकारे होते, रांगोळीचे रंग एकमेकांत सांडून जावेत तसे. पांढरं वाटलेलं दहिवर जवळून पांढरं नव्हतंच. त्यात फिकट गुलाबी होता, पिवळा होता, निळसर हिरवा होता. सावलीत काळा रंग शोधूनही सापडेना. जिथे ऊन पोचत नव्हतं तिथे निळा आणि जांभळा, आणि त्या निळ्याच्या कुशीत मधूनच एखादा नारिंगी ठिपका. धूर म्हणजे राखाडी रंगाचा पट्टा असेल असं लांबून वाटलं होतं. पण धूर दिसत होता तो त्याच्यामागचं रान थरथरत होतं म्हणून. आगीवरच्या हवेतून पलीकडचं जग कसं डळमळतं, हे शेकोटीपाशी बसलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. तेच इथे होतं, फक्त ठिपक्यांनी केलेलं.

हे असं का केलं असेल, या प्रश्नाने मला नंतर वाचायला लावलं. पिसारोचा जन्म 1830 चा, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरचा. हे बेट तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. 1874 ते 1886 या काळात दृक्प्रत्ययवाद्यांची आठ प्रदर्शनं झाली, आणि त्या आठही प्रदर्शनांत चित्रं ठेवणारा तो एकटा. 1884 मध्ये तो कुटुंबासह एप्त नदीकाठच्या एरान्यी गावात राहायला गेला. त्याच नदीच्या खालच्या अंगाला, जिव्हर्नी गावात, मोनेचं घर होतं. पिसारोच्या घरी मुलं बरीच आणि पैसा कायम कमी. शेकोटीचं हे चित्र तो करत होता तेव्हा त्याची धाकटी मुलगी सात वर्षांची आणि सगळ्यांत धाकटा मुलगा चार वर्षांचा होता. थंडीत पोर कसं उभं राहतं, खांदे कसे आखडून घेतं, हे त्याला आठवून काढावं लागलं नसणार.

आणि तरी त्या काळात तो एक नवी, अवघड रीत शिकत होता. पंचावन्नच्या पुढचा, नावाजलेला चित्रकार, आपल्या मुलाच्या वयाच्या जॉर्ज सेराकडून आणि पोल सिन्याककडून. रंग पॅलेटवर मिसळायचे नाहीत, कॅनव्हासवर शुद्ध रंगाचे ठिपके शेजारी शेजारी ठेवायचे, आणि मिसळण्याचं काम बघणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचं, अशी ती बिंदुवादाची रीत. तिच्यामागे शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाचा अभ्यास होता. विणलेल्या चित्रपडद्यांच्या कारखान्यात रंगाईचं काम बघताना त्याने पाहिलं होतं की रंग शेजारच्या रंगामुळे बदललेला दिसतो, आणि 1839 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला होता. निळ्याशेजारी नारिंगी ठेवला की दोन्ही पेटून उठतात. पिसारोने निळ्या सावलीत नारिंगी ठिपका टाकलाय तो याच जाणिवेने.

मला सगळ्यांत भिडलं ते या रीतीतले कष्ट. तैलरंग लवकर वाळत नाही. ओल्या ठिपक्यावर दुसरा ठिपका टेकला की दोन्हींचा चिखल होतो. म्हणून थांबायचं, वाळू द्यायचं, परत यायचं. वाऱ्याने धूर पळतोय, फांदी आत्ता मोडेल, पोर आत्ता पाठ फिरवेल, असं वाटणारी ती एका क्षणाची सकाळ संथपणे, वाट बघत बघत, ठिपक्या-ठिपक्याने रचलेली आहे. पिसारोलाही हे जाचत होतं. याच 1888 सालात थोरल्या मुलाला, ल्युसियाँला, लिहिलेल्या पत्रात तो विचारतो की ठिपक्याची शुद्धता राखून हाताचा मोकळेपणा आणि संवेदनेचा ताजेपणा कसा टिकवायचा. पुढच्या दोनेक वर्षांत त्याने ही रीत सोडलीही. पण शेकोटीच्या चित्रात मला ती ओझं वाटली नाही. दहिवर पडलेल्या रानात सकाळी असाच कण न् कण वेगळा चमकतो. त्या विषयाला ती रीत शोभली, असं माझं मत झालं.

पिसारोचं आणखी एक दहिवर त्याच संग्रहालयात आहे, 1873 चं. नांगरलेल्या शेतातून जाणारी वाट, तासांवर पसरलेलं दहिवर, आणि पाठीवर काटक्यांची मोळी घेऊन चाललेला एक माणूस. 1874 च्या पहिल्या प्रदर्शनात ते मांडलं, तेव्हा लुई लरोआ या पत्रकाराने त्याची टर उडवली. त्याच्या लेखातला एक कल्पित चित्रकार म्हणतो, ही कसली तासं आणि कसलं दहिवर, हे तर पॅलेट खरवडून मळक्या कॅनव्हासवर थापलेलं आहे. कास्तान्यारी या जाणत्या समीक्षकालाही त्यातली एक गोष्ट खटकली. शेतावर पडलेल्या सावल्या ज्या झाडांच्या आहेत, ती झाडं चित्रात नाहीतच. मला मात्र त्या सावल्या बघून आनंद झाला. बांधावर बसलेल्या पोराला झाड कुठे दिसतं? ते पाठीमागे असतं. पोराला कळते ती सावली, कारण सावलीत बसलं की गार लागतं आणि उन्हात सरकलं की बरं वाटतं. ही दोन्ही चित्रं मी मनात शेजारी ठेवते. पहिल्यात माणूस मोळी घेऊन चाललाय, पंधरा वर्षांनंतरच्या दुसऱ्यात मुलगी काटक्या मोडतेय आणि पोराला ऊब मिळतेय. हा धागा चित्रकाराच्या मनात होता असा माझा दावा नाही, पण बघणारीला तो जोडायची मुभा आहे.

हे सगळं जुळत गेलं तसं मला एक गोष्ट पक्की पटली. खेड्यातलं बालपण रंगवायचं तर दृक्प्रत्ययवाद्यांच्या या रीतीइतकी जवळची रीत दुसरी नाही. कारण आपल्याला बालपण तपशिलात आठवतच नाही. अक्काने त्या पहाटे कोणता परकर घातला होता, मला सांगता येणार नाही. तिचा तेव्हाचा चेहराही मला फोटो बघितल्याशिवाय नीट आठवत नाही. पण धूर कोणत्या बाजूने आला, पायाखालची माती किती गार होती, उजेड पहिल्यांदा कुठल्या बांधावर उतरला, हे मला आत्ता सांगता येतं. लहान मुलासाठी गाव म्हणजे आधी हवामान असतं. ऊन, गारठा, चिखल, धूर, धग. माणसांचे चेहरे त्यात नंतर स्पष्ट होत जातात. मोनेच्या आणि पिसारोच्या चित्रांत चेहरा पुसट का, हे मला अशा वाटेने उमगलं. त्यांनी चेहरा कमी केला आणि हवा वाढवली.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. शेकोटीच्या चित्रात पोराची कीव केलेली नाही आणि त्याला गोजिरवाणंही केलेलं नाही. त्याच संग्रहालयात मिले या चित्रकाराचं, प्रार्थनेसाठी थांबलेलं शेतकरी जोडपं आहे. फार सुंदर चित्र आहे ते, पण त्यापुढे आपण आपोआप मान खाली घालतो, कष्टांना नमस्कार केल्यासारखी. पिसारोची तुलना लोक मिलेशी करायचे आणि त्याला ती फारशी मानवत नसे. पिसारोच्या चित्रातली मुलगी नमस्कार मागत नाही. तिला फांदी मोडायची आहे. तिच्या कामात दुःख आहे की सुख, हे तो आपल्याला सांगत नाही. दोन्ही असणारच. आमच्या पहाटेतही दोन्ही होतं. शहरात आल्यावर आम्ही त्या दिवसांबद्दल बोललो ते एकतर ‘काय हाल काढले’ म्हणून, नाहीतर ‘काय मजा होती’ म्हणून. त्या दोन वाक्यांच्या मधली जी खरी पहाट होती, ती मला या चित्राने परत दिली. पिसारो शेतात राबणाऱ्यांना आपल्या बरोबरीचं मानणारा माणूस होता, विचारांनी अराजकवाद्यांच्या जवळचा. ती बरोबरी त्याच्या ठिपक्यांतही आहे. मुलीचा हात, गवत, गाय, धूर, सगळ्यांना सारख्याच काळजीने रंग मिळालाय.

भारतात परतल्यावर मुंबईत एका प्रदर्शनात नारायण श्रीधर बेंद्रे यांची उत्तरायुष्यातली चित्रं बघायला मिळाली. इंदूरच्या मराठी घरातले, बडोद्यात चित्रकारांची एक पिढी घडवणारे बेंद्रे. तिथेही ठिपके! ग्रामीण बायका बारीक बारीक रंगबिंदूंतून उभ्या राहिलेल्या. पण हा उजेड निराळा, आपल्याकडचा, डोक्यावर आलेल्या उन्हाचा, पक्का आणि उबदार. पूर्वीची मी असते तर नाकीडोळी बघून पुढे गेले असते. आता मी रेषेपर्यंत गेले, मागे आले, सावलीत कोणता रंग आहे ते शोधलं आणि मग स्वतःला विचारलं, इथे ऊन लागतंय का? लागत होतं.

मी अजून शिकाऊच आहे. पण चित्रांच्या दालनात आपलं काय काम, असं वाटून दारातूनच मागे फिरणाऱ्या माझ्यासारख्यांना मला कळकळीने काही सांगायचं आहे. कलेचा इतिहास वाचा, त्याने फरक पडतो, मला पडला. पण त्याच्या आधीचं शिक्षण तुमच्यापाशी आहे. ज्याने शेकोटीचा धूर डोळ्यांत घेतलाय, दव पडलेल्या गवतातून अनवाणी पाय ओढत नेलेत, उन्हाची तिरीप कुठून येते यावरून वेळ ओळखलीय, त्याला या चित्रांतली अर्धी भाषा आधीच येते. उरलेल्या अर्ध्या भाषेसाठी लागतो तो वेळ. एका चित्रापुढे थांबायचं, जवळ जायचं, मागे यायचं, आणि आपल्या अंगाला काय आठवतंय ते ऐकायचं. गावाकडच्या शाळांमधली मुलं सहलीला किल्ले बघतात, धरणं बघतात. त्यांना कधीतरी चित्रांच्या दालनातही न्यावं. चित्रकार कोण, साल कोणतं, हे मागाहून सांगावं. आधी त्यांना विचारावं की या चित्रात थंडी आहे की ऊन, वारा कुठून येतोय. मुलं अचूक सांगतील, आणि चित्र बघण्याची त्यांची सुरुवात माझ्यापेक्षा पन्नास वर्षं आधी होईल.